डबरीपाऱ्याची खालची गल्ली आणि इंदूताई

आदरणीय श्रीमती इंदूताई हटवार यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मी काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा आनंद झाला आणि थोडा संकोचही वाटला. ताईंच्या भजन मंडळातल्या भगिनी त्यांना माझ्याहून कितीतरी जवळून ओळखतात. मी सरकारी माणूस. माझी सगळी नोकरी तहसील कार्यालयात झाली आणि ताईंची ओळखही सरकारी कामातच झाली, एका पुराच्या दिवशी. त्यामुळे ताईंच्या आयुष्यातला मी पाहिलेला भाग तेवढा सांगतो. बाकीचा इतर मंडळी सांगतीलच.

भिलाईहून जामुलकडे जाताना, रस्त्यापासून थोडी आत, नाल्याच्या उतारावर डबरीपारा नावाची वस्ती आहे. पारा म्हणजे इकडच्या बोलीत मोहल्ला. ठेकेदाराकडचे मजूर, बांधकामावर विटा-रेती वाहणाऱ्या बाया, पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरांत धुणीभांडी करणाऱ्या बाया, अशी सगळी कष्टाची माणसे तिथे राहतात. छत्तीसगड राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. भादव्यात पाऊस लागून राहिला आणि एका दुपारी नाल्याचे पाणी वस्तीत शिरले. अगदी काठावरची खालची गल्ली छपरापर्यंत बुडाली. माणसे निघाली, पण अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यांना जवळच्या शाळेत ठेवले होते. मी तेव्हा नायब तहसीलदार होतो. दुसऱ्या दिवशी तांदूळ, दुधाची भुकटी आणि ताडपत्र्या घेऊन मी ट्रकबरोबर तिथे पोचलो.

फाटकातच पदर खोचलेल्या, पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या.

"साहेब, सामान उतरवा, त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पण या बायाईनं जावं कुठं, थे मले सांगा."

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी हाताने मागे दाखवले. शाळेला एकच शौचालय होते आणि त्याच्यासमोरच्या व्हरांड्यात पुरुषमंडळी दाटीवाटीने बसली होती.

"सकाळपासून एकाही बाईनं पाणी पेलं नाही. कावून पेत नाही, तर जावं लागंल म्हणून."

मी ट्रकमधून सर्वांत आधी ताडपत्र्या उतरवल्या. शिपायांनी आणि वस्तीतल्या काही माणसांनी मिळून शाळेच्या मागे बांबू रोवले, आडोसा केला. तो उभा झाल्यावर त्या बाईंनी पाण्याची घागर घेतली आणि वर्गावर्गातून फिरत एकेका बाईच्या हातात ग्लास दिला. ती पाणी पिईपर्यंत त्या समोरून हलत नव्हत्या. काम आटोपल्यावर मी नाव विचारले.

"मी हटवार. सेक्टरमध्ये राहतो आमी. आमची बिसाहिन कामाले नाही आली, म्हणून पाहाले आली होती."

इंदूताईंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

बिसाहिन ही त्यांच्याकडे भांडी घासायला येणारी विधवा बाई. खालच्या गल्लीत तिचे घर होते. तिच्या नवऱ्याने ते स्वतःच्या हातांनी बांधले होते आणि बांधून झाल्यावर थोड्याच काळात तो वारला होता. ताई तिला शोधायला आल्या आणि शिबिरातच थांबून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भजन मंडळातल्या बाया आल्या. सतरंज्या, जुनी लुगडी, लहान मुलांचे कपडे असे जे घरात निघाले ते घेऊन आल्या. एरवी या बाया गुरुवारी टाळ-पेटी घेऊन एकमेकींच्या घरी जमणाऱ्या. पुढे कितीतरी दिवस त्या डबरीपाऱ्यात फावडे-टोपल्या घेऊन चिखल उपसताना मी पाहिल्या.

ताईंचे माहेर भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या काठचे. पूर त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. लग्नानंतर हटवारसाहेबांच्या नोकरीमुळे त्या भिलाईला आल्या. साहेब कारखान्यात होते, अतिशय शांत गृहस्थ. शिबिराच्या त्या दिवसांत ते ड्यूटी संपवून सायकलवर थेट शाळेत यायचे आणि काहीही न विचारता चुलीसाठी लाकडे फोडायला बसायचे. मी एकदा म्हटले, "साहेब, तुमाले घरी जेवण तरी मिळते का?" ते हसून म्हणाले, "जेथं चूल पेटली तेथं घर. आता इथंच पेटून राहिली हाय."

ताईंच्या कामाची पद्धत मी तेव्हापासून जवळून पाहिली. सरकारी खात्यांबद्दल त्यांना ना भीती होती ना राग. आरोग्य खात्याने पाण्यात टाकायच्या गोळ्या पाठवल्या. लोकांना ते पाणी दवाखान्यासारखे लागायचे, म्हणून ते लपूनछपून विहिरीचेच पाणी प्यायचे. खात्याची माणसे वैतागली. ताईंनी वस्तीतल्या मितानीनला, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेला, बरोबर घेतले. सगळ्यांसमोर त्या पाण्यात लिंबू पिळून दोघींनी सरबत केले, स्वतः प्यायल्या आणि मुलांना वाटले. वस्तीत हगवणीची साथ आली नाही. नंतर कार्यालयात भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "गोळ्या तुमच्या चांगल्याच होत्या भाऊ. फक्त चव वंगाळ होती." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी साहेबाचा वासुदेवभाऊ झालो, तो आजतागायत.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत अवघड काळ पुढे आला. पाणी ओसरल्यावर लोक खालच्या गल्लीत परतले होते, पण ती गल्ली पुन्हा तिथेच वसू द्यायची नाही असे वरून ठरले. नाल्याचा काठ दर पावसात खचत होता, त्यामुळे निर्णय चुकीचा नव्हता. पण त्या घरांसाठी जी जागा दाखवली गेली, ती पार दूर नंदिनी गावाच्या बाजूला, माळावर होती. तिथून सेक्टरमध्ये सकाळी कामाला पोचणे बायांना शक्य नव्हते. लोक खवळले. आधी पुराने बुडवले, आता सरकार बुडवते, असे म्हणू लागले. वस्तीतल्या चबुतऱ्यावर सभा झाली. आमच्याकडून मी आणि एक वरिष्ठ अधिकारी होतो.

ताई उठल्या. आधी त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या.

"साहेब, ती जागा नको. तुमी या बायाईसंग एक दिवस सकाळी तेथून पायी सेक्टरमध्ये या. मंग तुमीच म्हणाल, नको."

लोकांनी माना डोलावल्या, कोणी कोणी टाळ्याही वाजवल्या. मग ताई लोकांकडे वळल्या. टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या आणि हिंदीत म्हणाल्या की खालची गल्ली मात्र सोडावीच लागेल. या वेळी दुपारी पाणी आले, सगळे जागे होते. पुढच्या वेळी ते कधी येईल कोणी सांगावे. तिथे राहा असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

पुढच्या रांगेतली बिसाहिन उठून उभी राहिली.

"दीदी," ती छत्तीसगढीत म्हणाली, "तहूँ सरकार के मनखे होगेस." तूही सरकारचीच माणूस झालीस.

एवढे बोलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने ताईंचे काम सोडले. वस्तीतल्या बऱ्याच जणी ताईंशी बोलेनाशा झाल्या. भजन मंडळातही कुरबूर झाली; आपण मदत करायला गेलो होतो, लोकांच्या शिव्या खायला नाही, असे म्हणून काही भगिनी बाजूला झाल्या. इकडे आमच्या खात्यातही ताईंचे नाव हट्टी बाई असे पडले. दोन्हीकडून एकट्या पडलेल्या त्या दिवसांत मी एकदा त्यांच्या क्वार्टरवर गेलो. ताई मोरीत बसून भांडी घासत होत्या.

"दुसरी बाई कावून नाही लावत, ताई?"

"बिसाहिन येईल," त्या म्हणाल्या. "तिची जागा भरून टाकली, तर थे कुठं येईल?"

पण त्या वाट पाहत बसल्या नाहीत. डबरीपाऱ्याच्याच वरच्या अंगाला, उंचावर, सरकारी जमिनीचा एक पट्टा रिकामा पडला होता. ताईंनी तो शोधून काढला आणि त्याच्या मागे लागल्या. कार्यालयातल्या प्रत्येक टेबलावर त्यांना एकच उत्तर मिळे, की ती जागा गोदामासाठी राखून ठेवली आहे.

"ठेवली हाय, मान्य," ताई म्हणत. "पण वापरली त नाही ना."

वरिष्ठ साहेबांची बदली झाली, नवे आले. ताई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. आवाज चढवला नाही, कुणाची तक्रार केली नाही. नव्या साहेबांना त्या एका सकाळी डबरीपाऱ्यात घेऊन गेल्या आणि वरच्या पट्ट्यावर उभे करून खाली दाखवले. काठाचा मोठा तुकडा आदल्याच पावसात पडला होता आणि एका घराची मागची भिंत हवेत लटकत होती. आत माणसे राहत होती. चुलीचा धूर दिसत होता. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "गोदामासाठी दुसरीकडे जागा बघा."

जागा मिळाली तरी घरे वर जायला पुढचा उन्हाळा लागला. एकेक कुटुंब गेले. शेवटी खालच्या गल्लीत बिसाहिन एकटी उरली. मी समजावले, मितानीनने समजावले. ती ऐकेना. अखेर ताई स्वतः गेल्या. सभेनंतर त्या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या होत्या. मी मागे उभा होतो. ताईंनी घर सोड असे म्हटलेच नाही. त्या दारात बसल्या आणि विचारले, "यातलं काय न्यायचं हाय?"

बिसाहिनने दाराच्या सागाच्या चौकटीवर हात ठेवला. नवऱ्याने लाकूड आणून, तासून, स्वतः बसवलेली चौकट होती ती. नव्या घरांना लोखंडी दारे मंजूर होती. गवंडी म्हणाला, मापात बसणार नाही. ताई म्हणाल्या, "माप बदलव." आणि त्याने बदलले. चौकट काढून वर नेताना एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला हटवारसाहेब. ताई पुढे चालत रस्ता दाखवत होत्या. बिसाहिन मागून आली. ताईंशी ती एक शब्दही बोलली नाही आणि त्यांच्याकडे कामालाही परत गेली नाही. ताईंना ते लागले असणार, पण त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत.

यानंतरचे ताईंचे काम बाहेरच्यांना फारसे दिसले नाही. पूर येऊन गेल्यावर धावपळ करणारे पुष्कळ असतात. पूर आलेलाच नसताना, कडक उन्हात, त्याची तयारी करायला लोकांना बसवणे फार कठीण. ताईंनी वस्तीतल्या बायांचा एक गट केला. नगरपालिकेकडून पावसाच्या आधी नाला साफ करून घेणे, पुलाच्या खांबावर लाल रंगाची खूण करून पाणी तिथवर आले की वर कळवणे, म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि अंथरुणावरचे रुग्ण यांना कोणी उचलायचे ते आधी ठरवणे, ही कामे गटाकडे होती. दर वर्षी मे महिन्यात सराव व्हायचा. आमच्या कार्यालयाने एक भोंगा आणि एक स्ट्रेचर दिले होते. पहिल्या वर्षी स्ट्रेचरवर झोपायला कोणी तयार होईना. जिवंतपणी कोण झोपतो त्याच्यावर, असे म्हणून लोक हसायला लागले. ताईंनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः आडव्या झाल्या. चार बायांनी त्यांना उचलले, चढावर एकीचा पाय घसरला आणि ताई गवतावर पडल्या. वस्ती पोट धरून हसली. ताईही हसल्या, पण उठल्यावर म्हणाल्या, "पुन्हा घ्या. पावसात त यापेक्षा जास्त घसरते."

त्यांच्यात दोष नाहीत असे मी म्हणणार नाही. बैठकीला उशिरा येणारा माणूस त्यांना सहन होत नाही. मग तो कोणीही असो. मलाही त्यांनी सगळ्यांसमोर, "तुमची घडी पाण्यात गेली होती का?" असे सुनावले आहे. त्यांच्या हातचा चहा इतका गोड असतो, की मधुमेह झाल्यापासून मला त्यांच्या घरी जायची धास्ती वाटते.

आणि मग काही वर्षांपूर्वी पुन्हा मोठे पाणी आले. मी तोवर निवृत्त होऊन भिलाईजवळच्या पद्मनाभपुरात राहायला आलो होतो, पण टीव्हीवरच्या बातम्या ऐकून राहवले नाही, म्हणून डबरीपाऱ्याला गेलो. पोचलो तेव्हा सकाळ उलटत होती. पाणी पुलावरच्या लाल खुणेला लागले होते, गटाने भोंगा वाजवला होता आणि प्रशासनाची गाडी येण्याआधीच उतारावरची घरे रिकामी होत होती. आरडाओरडा नव्हता. ज्याने ज्याला उचलायचे ठरले होते, त्याने त्याला उचलले होते. सत्तरी ओलांडलेल्या ताई शाळेत चूल पेटवून बसल्या होत्या.

खालची गल्ली तर केव्हाच रिकामी झाली होती, असे सगळेच धरून चालले होते. पण त्या पावसाळ्यात बाहेरगावचे एक मजूर जोडपे येऊन पडक्या भिंतीला प्लास्टिक लावून तिथे राहिले होते. ते सरावाला नव्हते, गटाला ठाऊक नव्हते. बिसाहिनला ठाऊक होते. तिच्या दारातून खालची गल्ली दिसते, आणि सकाळी तिथे तिला धूर दिसायचा. म्हातारी झालेली बिसाहिन कोणाला न सांगता खाली उतरली. नवरा कामावर गेला होता, आत बाळंतीण एकटी होती. पाणी उंबऱ्याशी आले होते आणि ती भांडीकुंडी गोळा करत होती. बिसाहिनने तिच्या हातातली भांडी फेकून दिली, तान्हे बाळ स्वतःच्या पदरात बांधले आणि तिला ओढत वर आणले. वाटेत गटातल्या दोघी धावत येऊन भेटल्या. त्यांनीच हे सगळे मला नंतर सांगितले. दुपारपर्यंत ती पडकी भिंतही वाहून गेली होती.

शाळेत मी पाहिले ते असे. बिसाहिन ओलीचिंब, धापा टाकत आत आली. मध्ये बसलेल्या सगळ्या बायांना ओलांडून ती थेट चुलीपाशी गेली आणि बाळ ताईंच्या मांडीवर ठेवले.

"दीदी, लइका जुड़ा गे हे," ती म्हणाली. बाळ गारठले आहे.

ताईंनी अंगावरची शाल काढून बाळाला गुंडाळले, तळहात चुलीवर शेकून त्याच्या पायांना लावायला सुरुवात केली. बिसाहिन बाजूला बसून दुसरा पाय चोळू लागली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. थोड्या वेळाने बाळ मोठ्याने रडले, आणि मग ताईही रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिले. "आता कावून रडते, दीदी," बिसाहिन म्हणाली. ताईंबरोबर राहून तिला आमची मराठी येत होती, हे मी विसरलो होतो.

त्या दिवशी डबरीपाऱ्यात एकही माणूस दगावला नाही.

आता थोडे घरचे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आणि पत्नी दोघेही आजारी पडलो. मुले बाहेरगावी, शेजारी धास्तावलेले. ताईंना कळल्यावर डबा सुरू झाला, त्याचे नवल नाही; तेव्हा त्या कितीतरी घरी डबे पोचवत होत्या. पण त्या स्वतः यायच्या. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायच्या आणि मोठ्याने गप्पा मारायच्या. माझी पत्नी फार घाबरली होती. ताईंनी तिला एकदाही धीर धरा असे म्हटले नाही. आंबाडीची भाजी कशी करता, लोणच्याला मोहरी किती घालता, असे विचारत राहायच्या, आणि उत्तर देता देता हिचा श्वास सावकाश व्हायचा. त्यानंतर महिन्याभरातच हटवारसाहेब गेले. शेवटचा निरोप द्यायलाही आम्हाला जाता आले नाही. पुढे भेटायला गेलो तेव्हा ताईंनी आमचीच चौकशी आधी केली.

मागच्या मे महिन्यात सरावाच्या बैठकीला मीही गेलो होतो. ताईंचे गुडघे आता दुखतात, त्या काठी घेऊन आल्या आणि मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या. नवीन आलेले तरुण अधिकारी समोर होते. त्यांनी सांगितले की या वर्षी नाल्याची सफाई थोडी पुढे ढकलावी लागेल. ताई काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिले. तोवर पुढच्या रांगेतली एक तरुण बाई उठली होती. पाऊस पुढे ढकलता येत असेल तर सफाईही ढकला, असे ती सरळ हिंदीत म्हणाली. दुसरी उठली, तिसरी उठली. कोणी ओरडले नाही, कोणी हटलेही नाही. अधिकारी भले होते. त्यांनी तिथेच फोन लावला आणि पावसाच्या आधीचा आठवडा ठरला. बैठक संपली. त्या सबंध वेळात ताईंनी तोंड उघडले नव्हते.

बाहेर येताना मी विचारले, "ताई, आज तुमी काहीच बोलल्या नाही?"

"बोलावंच नाही लागलं, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हाताचा आधार घेऊन पायरी उतरल्या. इतक्या समाधानी मी त्यांना क्वचितच पाहिले आहे.

इंदूताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो. आणि मागच्या रांगेत निवांत बसून, एक शब्दही न बोलता उठून यावे, अशा बैठका त्यांना पुढे पुष्कळ वर्षे मिळोत, हीच माझी मनापासूनची प्रार्थना.